पुण्यात आई-बाबांसाठी मोबाईल + वायरलेस लँडलाईनचा एकत्र प्लॅन, कुणाचा अनुभव?

मंडळी नमस्कार,

आई-बाबा कोथरूडला असतात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे. घरची जुनी लँडलाईन चार महिने बंद आहे, खाली रस्ता खोदला तेव्हा केबल तुटली, तेव्हापासून माणूस येतो, बघतो आणि जातो. आता सोसायटीत एका कंपनीचा प्रतिनिधी सांगून गेलाय की दोघांचे मोबाईल आणि घरात ठेवायला बिनवायरचा टेबलफोन, सगळं मिळून एक प्लॅन, एक बिल. बाबांना ते एक बिल फार पटलंय आणि मलाही इथून भरायला सोपं जाईल. पुण्यात असं कुणी घेतलंय का? बाबा गुरुवारपर्यंत थांबतो म्हणालेत, नंतर सही करतील.

---

अरे, अजून सही करू देऊ नकोस. मेल लांबलाय पण पूर्ण वाच, माझे आई-बाबा तुझ्या आई-बाबांच्याच वयाचे आहेत आणि त्यांना हा प्लॅन मीच घेऊन दिला होता.

आमचं घर सहकारनगरला, तळजाईच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आले तेव्हा घेतला. बाबांचा नंबर मुख्य, आईचा त्याला जोडलेला आणि तिसरं सिम टेबलफोनच्या आत. फोन दिसायला अगदी पूर्वीसारखा, मोठी बटणं, रिसीव्हर, मागे छोटी अँटेना, आत बॅटरी. आईने जुन्या फोनच्या तिपाईवरचा क्रोशाचा रुमाल धुऊन इस्त्री करून परत घातला, शेजारी तिची नंबरांची वही ठेवली आणि पहिला फोन तिच्या बहिणीला नाशिकला लावला. तिचा तो आनंद बघून मी निर्धास्त विमानात बसले.

पण ही लँडलाईन नाहीच, टेबलावर ठेवायचा मोबाईलच आहे हे आमच्या उशिरा लक्षात आलं. नंबर येतो तो १० आकडी मोबाईलचा. आमचा ०२० चा नंबर आधी सहा आकडी, मग सात, मग आठ आकडी होत होत इतकी वर्षं तोच राहिला होता, नातेवाईक, बँक, डॉक्टर, सगळ्यांकडे तोच. आपल्याकडे पोर्ट होतो, म्हणजे तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, तो मोबाईलचा नंबर, लँडलाईनचा होत नाही. त्यामुळे जुनी लाईन सरेंडर केलीत की तो नंबर गेला असंच समजायचं. आम्ही सरेंडर केली, मला अजून वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे रेंज. हॉलमध्ये तिपाईवर एक दांडी, कधी तीही नाही. मागच्या गॅलरीच्या खिडकीत नीट लागायचा, म्हणून फोन तिकडे गेला, तुळशीच्या कुंडीजवळ. आता सांग, गुडघे दुखणारा ८१ वर्षांचा माणूस हॉलमधून गॅलरीत पोचेपर्यंत रिंग थांबणार नाही का? फोन घरात एका जागी हवा, हाताशी हवा, म्हणून तर घेतला होता.

तीन महिन्यांनी बाबांनी तिसरं सिम बंद करायला सांगितलं. कस्टमर केअरने हो म्हटलं आणि भाडं मात्र पुढच्या बिलात आलं, त्याच्या पुढच्यातही आलं. बाबा सरकारी नोकरीत हिशेबाच्या खात्यातून रिटायर झालेले, ते म्हणाले जे वापरत नाही त्याचे पैसे देणार नाही आणि तेवढी रक्कम वजा करून उरलेलं बिल भरलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं पण कंपनीच्या कॉम्प्युटरला वजाबाकी कळत नाही, त्याच्या लेखी बिल थकलेलं. आधी तिन्ही नंबरांचं आउटगोइंग बंद झालं, काही दिवसांनी इनकमिंगही.

आणि मला हे कळलंच नाही! रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आमचं बोलणं चालू होतं कारण घरात वायफाय होतं, चेहरे दिसत होते, आई भाजी काय केली ते सांगत होती. त्या दोघांनाही वाटलं फोनच बिघडलाय, मुलीला कशाला त्रास.

नोव्हेंबर महिना होता. बाबा हयातीचा दाखला ऑनलाईन करायला सेंटरवर गेले, रांगेत बसले, नंबर दिला आणि ओटीपी आलाच नाही, पाऊण तास मोबाईल हातात धरून बसले आणि परत आले. त्याच आठवड्यात गॅसचा सिलिंडर दारात आला, डिलिव्हरीवाला कोड मागतोय, आईच्या मोबाईलवर कोड येत नाहीये, ती मोबाईल बंद करून चालू करते, खिडकीत जाते, शेवटी तो सिलिंडर घेऊन खाली उतरला. आईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज असा झाला होता की काहीतरी तिच्याच हातून चुकलंय. मला ते फार लागलं. नको असलेल्या फोनच्या भाड्यापायी आईचा सिलिंडर दारातून परत गेला, कारण बिल एक.

मग मी इथून अख्खी रक्कम भरली, त्याच दिवशी नंबर सुरू झाले आणि त्यानंतर भांडले. आधी पैसे भरायचे, मग भांडायचं, हा क्रम लक्षात ठेव. तक्रार केलीस की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घे, त्याच्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर ती मुदत संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्याच अपिलेट अ‍ॅथॉरिटीकडे, म्हणजे वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं, फुकट असतं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असा ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, २०१२ चा नियम आहे. आमचे पैसे अपील केल्यावरच परत आले, पुढच्या बिलात वळते झाले.

अजून एक, ह्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जोडलेला नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघ. आईचं सिम बाबांच्या नावावर निघालं होतं. तिच्या बँकेत, आधारला, गॅसला तोच नंबर आणि कागदोपत्री तो तिचा नाहीच! उद्या तो नंबर पोर्ट करायचा, सिम हरवलं तर दुसरं घ्यायचं, की प्रत्येक वेळी बाबांनी जायला हवं. सरकारच्या संचारसाथी साईटवर ओटीपी टाकून आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, तिथे बघितल्यावर मला कळलं. आता आईचा नंबर तिच्या नावावर, वेगळा आहे, प्रीपेड, वर्षाचा रिचार्ज मी एकदम करते.

म्हणून तुला कळकळीने सांगते, टेबलफोन घ्यायचाय तर जरूर घ्या पण ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो तो नंबर त्या प्लॅनमध्ये घालू नका.

---

नमस्कार, मी औंधहून. नोकरी संपवून इकडे परत आल्याला सहा वर्षं झाली, ही मेलिंग लिस्ट अजून वाचतो.

ताईंनी लिहिलंय ते सगळं खरं आहे, मी फक्त फोनच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. माझ्या आईकडे पूर्वी टाटा इंडिकॉमचा वॉकी होता, सीडीएमए ह्या जुन्या मोबाईल तंत्रावरचा बिनवायरचा टेबलफोन, तो तिने कित्येक वर्षं वापरला, त्याला ०२० चा नंबर होता, त्यामुळे आपल्या पिढीला बिनवायरचा फोन म्हणजे तसाच वाटतो. आता बाजारात मिळतात ते सिम घालायचे फोन. त्यातले बरेच स्वस्तातले फक्त जुन्या टूजी नेटवर्कवर चालतात. जिओचं सिम घालणार असाल तर फोन फोरजी व्होल्टीचाच, म्हणजे फोरजीवरूनच बोलता येणारा, लागतो कारण त्यांचं टूजी नेटवर्कच नाही. प्रतिनिधीला विचारू नका, खोक्यावर वाचा.

०२० चा नंबरच हवा असेल तर घरात फायबर इंटरनेट घ्या, बऱ्याच फायबर प्लॅनबरोबर लँडलाईन नंबर मिळतो, राउटरच्या मागे टेलिफोनची पिन लावायला जागा असते, तिथे जुना फोन लावला की झालं. त्यावरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावायचं हे आई-बाबांना सांगून ठेवा, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून तसंच लावावं लागतं.

पण वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. जुन्या तांब्याच्या लाईनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून अंधारातही फोन चालायचा, ती चैन गेली. आणि पुण्यातला गुरुवार तुम्हाला माहितीच आहे, दुरुस्तीसाठी लाईट जाते ती कधी दुपारपर्यंत येत नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, मी बसवलाय, दोन-अडीच तास निघतात. सिमच्या टेबलफोनचं हे एक बरं आहे की त्यात बॅटरी असते, तीन वर्षांत ती मरते ते वेगळं, बदलून मिळेल का ते आधीच विचारा.

---

ताई, काका, खूप आभार. रात्रीच बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले मोबाईल दोन्ही आहेत तसेच राहू देत, पण टेबलफोन पाहिजेच, आईला मोबाईलवर ऐकू येत नाही नीट आणि बाथरूममध्ये कुणी पडलं तर अंधारात चाचपडून उचलता येईल असा फोन हवा. जुनी लाईन सरेंडर करत नाही, फायबरवर तोच नंबर देतात का विचारतोय. तोवर सिमवाला टेबलफोन वेगळा, प्रीपेडवर घ्यायचं चाललंय. बरोबर ना?

---

अगदी बरोबर. फक्त फोन विकत घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम एखाद्या साध्या मोबाईलमध्ये घालून, तो जिथे ठेवणार त्याच जागी दोन दिवस ठेवा, दारं-खिडक्या लावून. आणि ह्या गुरुवारी लाईट गेली की व्हॉट्सअ‍ॅप न करता तू साधा फोन कर, तिन्ही नंबरांवर एकेकदा, आणि आईला उचलायला सांग.