'लेट्स डान्स'ला एवढ्या शिव्या कशाला?

"१९८३ला बोवी पैशाला भुलला आणि संपला" हे ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स' अल्बमवरचं तुमचं मत मला अर्धंच पटतं, भावा. प्रयोगवाल्या ब्रायन ईनोबरोबर 'लो', 'हीरोज' हे अल्बम करणारा माणूस शीक ह्या डिस्को बँडच्या नाइल रॉजर्सकडे गेला तो हिटसाठीच, मान्य. पण काम बघा की! रॉजर्सच सांगतो, 'लेट्स डान्स' हे गाणं बोवीनं आधी बारा तारांच्या गिटारवर लोकगीतासारखं ऐकवलं होतं. नाचायला लावणारं केलं ते रॉजर्सनं. त्यात गिटार सोलोला कोण? टेक्सासचा ब्लूजवाला स्टीव्ही रे वॉन, ज्याचा स्वतःचा पहिला अल्बम तेव्हा यायचा होता. ह्याला धंद्याची सुरक्षित चाल म्हणायचं?

ठोका नेमका कुठं पडला की पाय हलतात, हे कोल्हापुरात महाद्वार रोडला मिरवणुकीत डॉल्बीपुढं नाचणाऱ्याला कळतं. प्रयोगवाल्यांना (आमच्या इथल्या कॉलेजच्या बँडांसकट) ते सहसा जमत नाही, म्हणून हलकं वाटतं.

खरी घसरगुंडी नंतरची. पुढच्या 'टुनाइट' अल्बममध्ये निम्मा माल जुना नाहीतर उसना, आणि १९८७चा 'नेव्हर लेट मी डाउन' तर मी परत लावतच नाही. शिव्या द्यायच्या तर तिथं द्या की राव.