दुबईतल्या फिलिपिनो मैत्रिणींना सात वर्षांनी भेटतेय. आतेचं देणं कसं फेडू?

चिपळूणची ताई

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवस दुबईला चाललेय. बुर्ज वगैरे बघायचं नाहीये, मैत्रिणींना भेटायचंय.

२०११ ते २०१८ मी तिथे एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते. अल सतवात एका खोलीत चौघी राहायचो, दोन डबलडेकर कॉट आणि मधे फ्रिज. तिघी फिलिपिनो, चौथी मी. सगळ्यांत मोठी इलोइलोची. तगालोगमध्ये थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात, म्हणून मीही तिला आतेच म्हणायचे. आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं की आतेने माझ्यासाठी भात ठेवला होता, तर तिने विचारलं, "तुला तिकडे कुठली आते भेटली?" पुढे तिनेच ते नातं धरलं. आतेची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवायची नाही.

त्यांची सुकी मासळी म्हणजे तुयो आणि माझी सुकट एकाच तव्यावर भाजली जायची, दार लावून, खिडकी उघडून. आंब्यावरून मात्र जुंपायची. इलोइलोसमोरच्या गिमारास बेटाच्या आंब्याला तोड नाही असं तिचं म्हणणं, मी हापूस सोडायला तयार नाही. कैरीवर समेट झाला. ती कैरी बागोओंगला लावून खाते, ती कोळंबीची खारवून आंबवलेली चटणी असते. मी तिखटमीठ लावून खायचे, पण महिन्याभरात मीच बागोओंगची बरणी मागायला लागले.

चौघींची सुट्टी महिन्यातून एकदा जुळली तर जुळायची. आदल्या रात्री अकराला ड्युटी संपली की कपडे बदलून अल रिग्गाला. व्हिडिओके म्हणजे कराओके, एकच माइक, आणि गाणं संपलं की पडद्यावर मार्क. आते घरी हळू आवाजात बोलणारी बाई, पण माइक हातात आला की शेजारच्या टेबलावरचे लोक बोलणं थांबवून ऐकायचे. पहाटे अरोस काल्दो. आपली पेजच म्हणा, आलं आणि कोंबडी घालून शिजवलेली, वर तळलेला लसूण.

२०१५ मध्ये बाबा गेले. महिनाअखेर होती, माझ्याकडे चाळीस दिरहम. आतेने त्या रात्री मजल्यावरची दारं ठोठावली आणि तिकिटाचे चौदाशे उभे केले. माझी बॅगही तिनेच भरली. परत आल्यावर पैसे पुढे केले तर म्हणाली, "आईला पाठव."

आता आते बावन्न वर्षांची आहे, तिथेच आहे, आणि भावाच्या मुलीच्या नर्सिंगचा खर्च करतेय. दुसरी दुबईतच देरा भागात सलूनमध्ये आहे. तिसरी, आमची बुन्सो म्हणजे शेंडेफळ, हाँगकाँगला घरकामाला गेली. या वेळी सगळी रात्र माझ्या पैशाने व्हावी आणि ते चौदाशेही द्यावेत असं मनात आहे. पण आते दुखावेल अशी धास्ती वाटते. या लोकांत राहिलेल्या कुणी सांगेल का?

करामावासी

ताई, आधी दिवसाचं बघा. तुम्ही होतात तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. जानेवारी २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी. पण हॉटेल आणि सलूनवाल्यांना याचा काय उपयोग? सलूनला तर शनिवार-रविवारीच मान वर करायला वेळ नसतो. आतेला आत्ताच रोस्टर विचारा, कुणाशी तरी शिफ्ट बदलून घ्यायला सांगा, आणि जो वार मिळेल त्याला तुमची रात्र बसवा. मेट्रो शुक्रवारी रात्री एकपर्यंत असते, एरवी बारापर्यंत. परतीच्या टॅक्सीचे पैसे धरूनच चाला.

बारमध्ये जाणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, दारात ओळखपत्र मागतात. आणि एक मनापासून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची ड्युटी असेल तरी आते "चालेल" म्हणेल. तुम्ही ऐकू नका.

अलिबागचा बोसन

बावीस वर्षं जहाजावर काढली, बहुतेक सगळी फिलिपिनो क्रूबरोबर. चौदाशे दिरहम रोख देऊ नका.

त्यांच्याकडे एक शब्द आहे, 'उतांग ना लोओब'. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं. अडचणीच्या वेळी कुणी धावून आलं की ते आतलं कर्ज होतं. ते रकमेने फिटत नाही. रक्कम मोजून हातावर ठेवली तर समोरच्याला वाटतं, ही हिशोब मिटवून निघाली. मूरिंगच्या वेळी, म्हणजे जहाज धक्क्याला बांधताना, माझ्या पायावर दोर आला होता तेव्हा एका एबीने (डेकवरच्या खलाशाने) एकोणीस दिवस माझं डेकवरचं काम स्वतःच्या कामावर ओढलं. सिंगापूरला मी त्याला डॉलर द्यायला गेलो, तर गडी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढच्या वेळी त्याच्या मुलासाठी शाळेचं दप्तर नेलं. ते त्याने तिथल्या तिथे उघडून सगळ्या मेसला दाखवलं.

रात्रीच्या खर्चाचं सोपं आहे. एरवी ज्याचा तो भरतो, त्याला केकेबी म्हणतात. पण वाढदिवस, बढती, काही चांगलं घडलं असेल तर ज्याच्याकडे घडलं त्यानेच खर्च करायचा असतो. त्याला ब्लोआउट म्हणतात. तेव्हा कारण घेऊन जा, कुणी तुमचा हात धरणार नाही.

आणि आतेच्या खोलीत बघा, कॉटखाली किंवा कोपऱ्यात अर्धा भरलेला मोठा खोका असणारच. बालिकबायान बॉक्स. ही माणसं महिनोन्महिने तो थोडाथोडा भरतात: साबण, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं. मग जहाजाने घरी. महिना-दीड महिना सहज जातो, म्हणजे नाताळला पोचवायचा तर तुम्ही जाल तेव्हा तिची घाईच चाललेली असेल. त्या खोक्यात काहीतरी घाला.

वान चाईहून

तुमच्या शेंडेफळाबद्दल. इथे हाँगकाँगला घरकामाचा करार दोन वर्षांचा असतो, मधेच पाच दिवस निघून येणं तिला जमणार नाही. पण आठवड्याला एक सुट्टी कायद्याने आहे, बहुतेकींची रविवारी. सेंट्रल भागातला चेटर रोड त्या दिवशी गाड्यांना बंद असतो आणि रस्त्यावर पुठ्ठे अंथरून या बायका दिवसभर बसतात. डबे उघडतात, केस कापतात, नखं रंगवतात, नाचाची तालीम करतात. मी दर रविवारी तिथून जाते. हाँगकाँग दुबईच्या चार तास पुढे आहे आणि रात्री तिला मालकाच्या घरी परतायचं असतं. तेव्हा रात्रीच्या पार्टीतून फोन करू नका, ती झोपलेली असेल. रविवारी तुमच्या दुपारी एकला करा, तिचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील.

चिपळूणची ताई

काल परत आले. सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं म्हणून आधी हेच लिहायला बसलेय.

बोसनकाका, कारण माझ्याकडे होतंच, तुम्ही सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. मेमध्ये घराच्या मागच्या दोन खोल्यांत होमस्टे सुरू केलाय. चादरीचा कोपरा कसा मोडायचा, उशीचं तोंड दाराकडे का ठेवायचं नाही, सगळं आतेने शिकवलेलं. तिला खोल्यांचे फोटो दाखवले आणि म्हटलं, ब्लोआउट. तिने फोटो मोठा करून गादीचा कोपरा पाहिला, "पैंतालीस डिग्री" म्हणाली (हिंदी आकडे माझ्याकडून शिकलेली), आणि बिलाला हात लावला नाही.

रात्र मंगळवारी झाली, कारण बुधवारी दोघींना सुट्टी मिळाली. सिसिग (बारीक चिरून परतलेलं डुकराचं मांस), पॅन्सित (नूडल्स) आणि व्हिडिओके. आतेचा आवाज थोडा खाली आलाय, वरची पट्टी आता दुसरी घेते आणि आते तिच्याकडे बघत थांबते. दीड वाजता मीच उठवलं. अरोस काल्दो खाल्लं आणि दियाफा रोडने चालत आलो, सँडल हातात घेऊन. सुकट, सोडे, काजूगर आणि आंबापोळी नेली होती. सुकट सकाळीच तव्यावर गेली.

बुन्सोला रविवारी एकला फोन लावला. मागे इतका गलका होता की तिचं अर्धं कळलं नाही. तिने आम्हाला पुठ्ठा दाखवला, मैत्रिणी दाखवल्या, नवे केस दाखवले. आते पूर्ण वेळ फोनच्या काचेवर बोट ठेवून होती.

आणि खोका. कॉटच्या पायथ्याशी होता, तीन चतुर्थांश भरलेला. भाचीला वॉर्डात घालायचे पांढरे बूट लागणार होते, ते मी करामा भागात घेतले. आतेने काही विचारलं नाही. बूट उलटेपालटे करून पाहिले, आत रिकामी जागा जाऊ नये म्हणून एकात मोजे आणि दुसऱ्यात साबणाच्या दोन वड्या कोंबल्या, काजूगर कडेला लावले आणि खोक्यावर बसून मला टेप ओढायला सांगितला. टेप तीनदा फिरवला.

बूट सहा नंबरचे आहेत. बसले का ते डिसेंबरात कळेल.