ईडीएमसाठी एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ की तिसरंच काही?

बेसलाइन२४ (प्रश्न)

प्रोग्रेसिव्ह हाउस आणि थोडं टेक्नो (दोन्ही ईडीएम म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे प्रकार) करायचं आहे, १२४ ते १३० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास. त्यासाठी संगीत बनवायचं सॉफ्टवेअर निवडायचं आहे. सामान असं: विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, २५ कळांचा मिडी कीबोर्ड आणि हेडफोन. ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) सध्या नाही. मॅक नसल्यामुळे अ‍ॅपलचं लॉजिक बादच. उरले लाइव्ह आणि एफएल. अधूनमधून बिटविग आणि रीपरचंही नाव ऐकू येतं.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. "लाइव्हचा आवाज पातळ, एफएलचा दणदणीत" असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, त्यात तथ्य आहे का? सगळ्यात स्वस्त आवृत्ती घेतली तर काम कुठे अडतं? किक (ड्रमचा मोठा ठोका) वाजली की बेस दबतो ते पंपिंग कशात सोपं जातं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप झकास जमतो, पण त्याचं पूर्ण गाणं काही होत नाही. सॉफ्टवेअर बदलून हे सुटेल का?

---

फेडर_खाली

आधी आवाजाचा मुद्दा निकालात काढू. तीच वेव्ह फाइल दोन्हीकडे टाका, फेडर (आवाजाची पट्टी) ०वर ठेवा, प्लगइन एकही लावू नका आणि दोन्हीकडून एक्सपोर्ट करा. मग त्या दोन्ही फाइल एका प्रोजेक्टमध्ये घेऊन एकीची पोलॅरिटी (लाटेची दिशा) उलटी करा. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि शांतता उरते. काही उरलंच तर कारण बहुतेक वेळा पॅन लॉ (डावी-उजवीकडे आवाज वाटण्याचा नियम) किंवा वॉर्प (ऑडिओ टेम्पोला जुळवणं) हे असतं.

मग फरक ऐकू का येतो? एफएलच्या सुरुवातीच्या टेम्प्लेटमध्ये मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) फ्रूटी लिमिटर हा आवाज एका मर्यादेत रोखणारा प्लगइन आधीच बसवलेला असतो. नवखा माणूस मास्टर उघडून बघत नाही, किक वाढवत जातो, लिमिटर ती दाबत जातो आणि सगळं 'दणदणीत' वाटतं. लाइव्हमध्ये मास्टर कोरा असतो, त्यामुळे तोच मिक्स हळू वाटतो. लिमिटर काढा आणि मास्टरचं शिखर -६ डीबीच्या आसपास ठेवून काम करा, वाद तिथेच मिटेल.

आता लूपचं. खरं घोडं इथेच पेंड खातं, आणि निवडही मी यावरच करेन. लाइव्हमध्ये दोन पडदे आहेत. सेशन व्ह्यूत क्लिप (आवाजाचे किंवा नोटांचे तुकडे) उभ्या रांगांत बसतात, अरेंजमेंट व्ह्यूत वेळेच्या आडव्या पट्टीवर. सेशनमध्ये प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक सीन. आठ बारचा लूप पहिल्या ओळीत ठेवा, ती ओळ सहा-सात वेळा डुप्लिकेट करा आणि प्रत्येक ओळीतून काहीतरी काढा: एकीत किक नाही, एकीत फक्त पॅड आणि हायहॅट, एकीत बेस नाही. लाँच क्वांटायझेशन (ओळ कितव्या ठोक्याला सुरू व्हावी ते) १ बारवर ठेवा, वरचं रेकॉर्ड बटण दाबा आणि ओळी एकामागून एक वाजवत जा. थांबाल तेव्हा अरेंजमेंटमध्ये गाण्याचा कच्चा आराखडा पडलेला असेल.

इथे हमखास एक फसगत होते. सेशनमधली क्लिप चालू राहिली की अरेंजमेंटमधला तो ट्रॅक फिका पडतो आणि वाजत नाही. बिघाड काही नाही. 'बॅक टू अरेंजमेंट'चं बटण पेटलेलं असतं, ते दाबा.

एफएलचं डोकं वेगळं आहे. तिथे तुम्ही पॅटर्न बनवता आणि प्लेलिस्टमध्ये त्याचे ठोकळे मांडता. एकच पॅटर्न पंधरा ठिकाणी असला आणि एका ठिकाणी बदललात, तर पंधराही ठिकाणी बदलतो. एकाच ठिकाणी बदल हवा असेल तर त्या ठोकळ्याच्या मेनूतून 'मेक युनिक' करा. लाइव्हमध्ये बरोब्बर उलटं: कॉपी केलेली प्रत्येक क्लिप स्वतंत्र, म्हणून बेसलाइनमधली एक चुकीची नोट आधी दुरुस्त करा, मगच क्लिप पसरवा. नाहीतर ती बारा ठिकाणी शोधत बसाल.

मांडणी अडत असेल तर लाइव्ह. मेलडी आणि ड्रमच्या नक्षीवर भर असेल तर एफएलचा पियानो रोल (नोटा मांडायची जाळी) आणि स्टेप सिक्वेन्सर (ठोके चौकटींत टिकायची पट्टी) यांना तोड नाही.

---

पॅटर्नप्रेमी

वरच्या प्रतिसादाला अर्धं +१. आवाजाबद्दल पूर्ण सहमत, मांडणीबद्दल नाही. एफएलमध्ये मांडणी जमत नाही असं म्हणणारे बहुतेक जण किक, क्लॅप, हायहॅट, बेस सगळं एकाच पॅटर्नमध्ये कोंबतात. मग ब्रेकडाउनला (गाण्याच्या शांत भागात) फक्त किक काढायची म्हटलं की नवा पॅटर्न, त्याचा आणखी एक, आणि प्रोजेक्टभर 'पॅटर्न ३७' नावाचं रान माजतं. एका वाद्याला एक पॅटर्न आणि प्लेलिस्टमध्ये त्याची स्वतःची एक ओळ, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. किक काढायची तर तिचा ठोकळा पुसायचा, विषय संपला.

आराखड्याचं गणित तर कुठल्याही सॉफ्टवेअरात तेच. १२८ बीपीएमला ३२ बार म्हणजे बरोबर १ मिनिट. तीन मिनिटांच्या गाण्याला ९६ बार लागतात: सुरुवात १६, ब्रेकडाउन १६, बिल्डअप (चढत जाणारा भाग) ८, ड्रॉप (सगळं एकदम कोसळतं तो मुख्य भाग) १६, पुन्हा ब्रेकडाउन १६, बिल्डअप ८, ड्रॉप १६. आधी या ठिकाणी रंगीत मार्कर टाका, मग ड्रॉपचा लूप दोन्ही ड्रॉपवर ठेवा आणि तिथून मागे येत एकेक थर सोलत जा. डीजेने वाजवावं असं वाटत असेल तर पुढे-मागे फक्त किक-हायहॅटचे १६ किंवा ३२ बार जोडा, मिक्स करायला त्याला तेवढी जागा लागते.

स्वस्त आवृत्तीचं विचारलंत. एफएलच्या फ्रूटी आवृत्तीत रेकॉर्डिंग नाही, आणि तिच्या जुन्या रूपांत ऑडिओ क्लिपही नव्हत्या. म्हणजे व्होकल किंवा लांब रायझर (चढत जाणारा आवाज) प्लेलिस्टवर कापून-जोडून ठेवता येत नव्हतं, आणि जड सिंथचं ऑडिओ करून तिथेच बसवताही येत नव्हतं. ईडीएमसाठी प्रोड्यूसर आवृत्तीच्या खाली जाण्यात अर्थ नाही. त्या बदल्यात पुढचे सगळे अपडेट आयुष्यभर फुकट, हा एफएलचा मोठा फायदा. लाइव्ह इंट्रोमध्ये १६ ट्रॅकची मर्यादा आहे. किक, क्लॅप, दोन हायहॅट, पर्कशन, सब, मिड-बेस, कॉर्ड, प्लक, लीड, पॅड, रायझर, इम्पॅक्ट, व्होकल... मोजा, १४ इथेच झाले, आणि लीडला अजून दुसरा थरही लावलेला नाही. इंट्रो शिकायला ठीक, पण गाणं पूर्ण करायला स्टँडर्ड हवी. सूट आवृत्ती कधी? वेव्हटेबल, ऑपरेटर हे सिंथ आणि मॅक्स फॉर लाइव्ह (स्वतःची उपकरणं बनवायची सोय) हे सगळं वापरणारच असाल तर. बाहेरचा एखादा चांगला सिंथ आधीच हाताशी असेल तर सुरुवातीला सूट म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

ट्रायल घेताना एक सापळा सांभाळा. एफएलच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, एक्सपोर्टही होतो, पण बंद केलेला प्रोजेक्ट परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. म्हणून उठण्याआधी प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढून ठेवा. लाइव्हची ट्रायल ३० दिवसांची, सूट आवृत्तीची, आणि त्यात सेव्ह-एक्सपोर्ट सगळं चालतं. तेव्हा आधी एफएल बघून घ्या आणि लाइव्हचे ३० दिवस सलग मोकळे असतील तेव्हाच सुरू करा.

---

ग्रिड_आणि_तार

दोघांच्या भांडणात बिटविग राहून गेलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, लाइव्हसारखेच क्लिप लाँचर आणि टाइमलाइन आहेत, आणि दोन्ही एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवता येतात. त्याची खरी ताकद मॉड्युलेटर. कुठल्याही नॉबवर एलएफओ (लयीत वर-खाली होणारा संकेत) किंवा एन्व्हलप (वेळेनुसार वर-खाली जाणारा आकार) थेट लावता येतो, बाहेरच्या प्लगइनच्या नॉबवरसुद्धा. टेक्नोत पाच-सहा मिनिटं एकच आवाज हळूहळू उलगडत न्यायचा असतो, तिथे हे सोनं आहे. शिवाय प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतात, त्यामुळे एखादा कोसळला तरी पूर्ण प्रोजेक्ट कोसळत नाही. उणीव म्हणजे शिकवणीचे व्हिडिओ लाइव्ह-एफएलच्या मानाने कमी. आणि अपडेट खरेदीपासून १२ महिने मिळतात. त्यानंतर हातातली आवृत्ती तुमचीच राहते, नवीसाठी पुन्हा पैसे.

रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि मिक्सिंगला उत्तम आहे. पण ईडीएमला लागणारे सिंथ आणि सॅम्पल त्यात जवळपास नाहीतच, सगळं बाहेरून जमवावं लागेल. पहिलंच सॉफ्टवेअर म्हणून नको.

इंटरफेस नाही म्हणालात, तर हेही बघून ठेवा. विंडोजचा साधा ड्रायव्हर ठेवलात तर कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. एफएलसोबत एफएल स्टुडिओ एसिओ (कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) मिळतो, लाइव्हसाठी एसिओफोरऑल वेगळा टाकावा लागतो. तो बऱ्याचदा साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो आणि मग ब्राउझरमधला आवाज येत नाही. घाबरू नका. ४४,१०० हर्ट्झला बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाज) २५६ सॅम्पल म्हणजे साधारण ५.८ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. वाजवताना १२८ किंवा २५६, मिक्स करताना १०२४. बफर कमी करूनही कळ उशिरा बोलत असेल तर मास्टरवरचा लुकअहेड (आवाज आधी वाचणारा) लिमिटर किंवा लिनियर फेज ईक्यू तात्पुरता काढा. उशीर त्यांचा असतो, बफरचा नाही. आणि सीपीयू धापा टाकायला लागला की सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी लॅपटॉप चार्जरला लावलाय का आणि पॉवर मोड कोणता आहे, ते बघा.

---

बेसलाइन२४

सगळ्यांचे आभार. एफएलची ट्रायल आधी पाहिली, आता लाइव्हची सुरू केली आहे. मार्कर टाकून ९६ बार मांडले, पहिल्यांदाच लूपच्या बाहेर पडता आलं. पण साइडचेनमध्ये (किकने बेस दाबण्याच्या जोडणीत) दोन गोंधळ आहेत. एफएलमध्ये किक बेसला जोडली तर पंपिंगऐवजी किकच फुगली आणि चिरडल्यासारखी झाली. लाइव्हमध्ये बेस दबतो, पण प्रत्येक किकला बारीक 'टिक' ऐकू येते.

---

फेडर_खाली

एफएलचं आधी. मिक्सरमध्ये किकचा ट्रॅक निवडून बेसच्या ट्रॅकखालच्या बाणावर तुम्ही डावं क्लिक केलं असणार. त्याने किकचा आवाजच बेसच्या ट्रॅकमध्ये शिरतो, म्हणजे किक मास्टरला एकदा थेट आणि एकदा बेसमार्गे पोचते, तीही बेसच्या कंप्रेसरने (मोठा आवाज दाबणाऱ्या प्लगइनने) दाबलेली. त्याच बाणावर उजवं क्लिक करून 'साइडचेन टू धिस ट्रॅक' निवडा. मग बेसवर फ्रूटी लिमिटर लावा, कॉम्प विभागात जा, साइडचेनच्या खान्यात १ आणा आणि थ्रेशोल्ड (दाबणं जिथून सुरू होतं ती पातळी) खाली ओढा. तो खाना रिकामा राहिला तर बेस स्वतःच्याच आवाजाने दबतो, आणि लोक म्हणतात साइडचेन चालत नाही.

आता टिक. ५० हर्ट्झच्या सब-बेसची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. कंप्रेसरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) अगदी किमान ठेवलात तर लाट अर्ध्यावर असतानाच आवाज कापला जातो, आणि तो कापच टिक म्हणून ऐकू येतो. लाइव्हच्या कंप्रेसरमध्ये लुकअहेड १० मिलिसेकंद करा, अटॅक २ ते ५ मिलिसेकंदांवर न्या. रेशो (किती जोरात दाबायचं ते) ४:१ पासून सुरू करा आणि गेन रिडक्शन (आवाज किती दबला ते) ६ ते १० डीबी दिसेपर्यंत थ्रेशोल्ड खाली आणा. रिलीज (आवाज परत वर यायला लागणारा वेळ) कानाने ठरवायचा, पण १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे १२० ते २०० च्या मध्ये सुरुवात करा. रिलीज फार लांब गेला तर पुढची किक येईपर्यंत बेस सावरतच नाही आणि नुसता हळू वाटतो.

ब्रेकडाउनला किक नसली तरी पॅड पंप व्हायला हवा असेल तर साइडचेनला खरी किक देऊ नका. वेगळ्या ट्रॅकवर छोटा, तुटक आवाजाचा सॅम्पल प्रत्येक ठोक्याला ठेवा, लाइव्हमध्ये त्या ट्रॅकचं आउटपुट 'सेंड्स ओन्ली' करा (म्हणजे तो स्वतः ऐकू येणार नाही) आणि कंप्रेसरला तोच ट्रॅक द्या. पुढे मुख्य किक बदललीत तरी पंपिंगचा आकार बदलत नाही, हा त्यातला वरचा फायदा.

एवढं करूनही टिक राहिली तर कंप्रेसर बंद करून ऐका. तरीही येत असेल तर ती सिंथची आहे. बेसच्या ॲम्प एन्व्हलपचा अटॅक ०वर असेल, तो ३ ते ५ मिलिसेकंद करा.