आयर्लंड प्रवास : कीमच्या आखातासाठी दोन रात्री द्याव्यात का?

बी-३०२ :
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे मुलाकडे डब्लिनला जात आहोत. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अकिल बेटावर जावे आणि बेटाच्या पार टोकाला असलेले कीम नावाचे छोटे आखात पाहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मुलाचे म्हणणे असे की, एका वाळूच्या पट्ट्यासाठी जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर गाडी चालवायची आणि नेमका त्या दिवशी पाऊस लागायचा, यात शहाणपण नाही. ए-५०४ मधील ताई लेकीकडे असताना तेथे जाऊन आल्या होत्या, असे ऐकले. ताई, आपले प्रामाणिक मत हवे आहे.

ए-५०४ :
नमस्कार. आपल्या मुलाचा हिशेब चुकलेला नाही. सकाळी डब्लिनहून निघून, दुपारी कीमला तासभर थांबून, रात्री परत यायचे असेल तर जाऊ नका, असेच मी सांगेन. पहिल्या खेपेला आम्ही जवळजवळ तेच केले होते. वर धुके उतरलेले, खाली पाणी शिशासारखे करडे, आणि गाडीच्या काचेआडून पाहून आम्ही परतलो. दुसऱ्या खेपेला बेटावरच दोन रात्री राहिलो, तेव्हा कुठे ते आखात आम्हाला दिसले. त्यामुळे माझे मत असे की, जायचे तर दोन रात्री द्याव्यात, नाहीतर तो बेत सोडून द्यावा.

अकिल नावाला बेट असले तरी तेथे होडीने जावे लागत नाही. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधली सामुद्रधुनी अरुंद आहे आणि तीवर पूल आहे. पूल ओलांडल्यावर रस्ता पश्चिमेकडे जात राहतो. कील हे गाव लागते, मग डूआ, आणि डूआनंतर वस्ती संपते. तेथून पुढचा रस्ता क्रोहॉन डोंगराच्या दक्षिण उतारावर कोरलेला आहे. तो आधी चढतो आणि मग वळणे घेत एकदम खाली उतरतो. त्या उतारावरून प्रथम पाहिले तेव्हा ते पाणी आयर्लंडचे आहे, यावर माझा विश्वास बसेना. तीन बाजूंनी हिरवट-तपकिरी डोंगर, मधे घोड्याच्या नालेसारखी वाळू, आणि ऊन पडले की पाण्याला असा निळा-हिरवा रंग येतो की लक्षद्वीपची आठवण व्हावी. मात्र त्या पाण्यात पाय घातला की लक्षद्वीप तत्काळ विसरायला होते. ऐन उन्हाळ्यातही ते बर्फासारखे गार लागते.

बी-३०२ :
त्या उतरत्या रस्त्याबद्दलच आमच्या घरात थोडी भीती आहे. सौभाग्यवतींना घाटात चक्कर येते.

ए-५०४ :
मग एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. आयर्लंडमध्ये आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते आणि चालक उजवीकडे बसतो. कीमकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, म्हणजे चालकाशेजारी बसलेल्या माणसाच्या थेट खाली दरी येते. त्यांना मागच्या सीटवर उजवीकडे बसवा. परतताना डोंगर डावीकडे येतो, तेव्हा त्यांनी खुशाल पुढे बसावे. रस्ता अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी कुंपण नाही आणि पाठीवर रंगाचे पट्टे मारलेल्या मेंढ्या रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेल्या असतात. हॉर्न वाजवू नये, थांबावे, त्या उठतात.

सी-१०१ :
मी इतिहासाचा शिक्षक असल्याने थोडी भर घालतो. ज्या पुलावरून आपण बेटावर जाल, त्याला मायकेल डेव्हिट यांचे नाव आहे. बेटाला जोडणारा पहिला पूल १८८७ मध्ये झाला, सध्याचा त्याच जागी २००८ मध्ये उभा राहिला, पण नाव तेच ठेवले आहे. अकिल ज्या मेयो परगण्यात आहे, डेव्हिट त्यातलेच. लहानपणी इंग्लंडमधील एका गिरणीत त्यांचा उजवा हात गेला, आणि पुढे १८७९ मध्ये याच माणसाने कुळांच्या हक्कांसाठी लँड लीग ही संघटना उभी केली. आता गंमत अशी की, त्यांच्या नावाच्या पुलावरून निघालेला रस्ता जेथे संपतो, त्या कीमच्या खोऱ्यात चार्ल्स बॉयकॉट याच्या जुन्या घराचे अवशेष आहेत. हा इंग्रज गृहस्थ १८५० च्या दशकात अकिलवर जमीन कसायला आला, आणि नंतर मुख्य भूमीवर एका मोठ्या जमीनदाराचा कारभारी झाला. १८८० मध्ये लँड लीगच्या चळवळीत कुळांनी, मजुरांनी, दुकानदारांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. पीक काढायला गावातला एकही माणूस मिळेना, तेव्हा उत्तरेकडून पन्नासेक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य उभे करावे लागले. त्याचे आडनाव त्याच वर्षी इंग्रजी भाषेत क्रियापद होऊन बसले.

आपल्याकडे लोकमान्यांच्या चतु:सूत्रीत स्वदेशीशेजारी बहिष्कार हा शब्द आला. ग्रामण्य आणि वाळीत टाकणे आपल्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक होते, पण ते बहुधा दुबळ्यांवर उगारलेले शस्त्र होते. तेच शस्त्र दुबळ्यांनी बलवंतावर कसे उगारावे, हे ज्या प्रसंगाने जगाला दाखवले, त्यातला माणूस एके काळी या निर्जन आखाताच्या काठी राहत होता. माझ्यासारख्याला तेवढ्यासाठीसुद्धा तेथे जावेसे वाटेल.

ए-५०४ :
सर, हे वाचून फार बरे वाटले. आम्ही ते दगड पाहिले, पण कोणाच्या घराचे आहेत हे आम्हाला दुसऱ्या दिवशी, जिथे उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी सांगितले. त्यांच्याचकडून मला आणखी एक गोष्ट कळली, आणि खरे सांगायचे तर कीमचे नाव घेतले की मला तीच प्रथम आठवते.

१९४७ ते १९७५ या काळात कीमच्या आखातात बास्किंग शार्कची शिकार चालत असे. हा व्हेल शार्कच्या खालोखाल जगातला सर्वांत मोठा मासा. दहा मीटरपर्यंत वाढतो, पण कोणाला चावत नाही. प्रचंड तोंड उघडे ठेवून तो संथपणे पोहतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांतून गाळून खातो. वसंत ऋतूत पाणी निवळले आणि ऊन पडले की तो पृष्ठभागाजवळ येतो, म्हणून त्याला जुन्या काळी ‘सूर्यमासा’ म्हणत. आखाताचा आकारच असा की, किनाऱ्याच्या कडेकडेने येणारा मासा त्यात वळून शिरतो. तेथे खडकापासून जाळे लावलेले असे. मासा गुरफटला की दोन-तीन माणसे कापडाची, डांबर फासलेली हलकी होडी, जिला ते करक म्हणतात, ती घेऊन त्याच्या अगदी जवळ जात आणि डोक्यामागे भाला खुपसून त्याला मारत. मग तो ओढत कीलजवळच्या पर्टीन बंदरात नेत. हे सगळे कशासाठी, तर त्याच्या यकृतातील तेलासाठी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला हजारावर मासे मारले गेले; या सगळ्या वर्षांत मिळून बारा हजारांहून अधिक. पुढच्या दशकाच्या मध्यावर वर्षाचा आकडा शंभराच्याही खाली आला, आणि १९७५ मध्ये शिकार थांबली.

ए-२०३ :
काकू, मी मालवणचा आहे, म्हणून हे वाचताना पोटात कालवले. आमच्याकडे रापण ओढतात ती किनाऱ्यावर गाव जमवून, आणि तिच्यात बारीक-सारीक सगळी मासळी येते. इथे जाळे एका जागी लावून एकाच जातीच्या वाटेवर बसलेले आहेत. मुशी आणि मोरी आम्ही खातो, त्यामुळे शार्क मारल्याचा मला तेवढा धक्का नाही; मात्र सावकाश वाढणारा, उशिरा वयात येणारा एवढा मोठा मासा इतक्या वेगाने काढला तर समुद्र तो भरून देणार कुठून? आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कचे असेच झाले होते. त्याचे तेल लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडत असत. २००१ मध्ये आपल्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले. आयर्लंडने काय केले?

ए-५०४ :
त्यांनी २०२२ मध्ये बास्किंग शार्कला कायद्याचे संरक्षण दिले. आता अकिलच्या आसपास हे मासे पुन्हा दिसतात आणि लोक ते पाहण्यासाठी म्हणून येतात. आपला मे महिना त्या दृष्टीने उत्तम आहे, पण मासा दिसेलच असे मनात धरून जाऊ नका. आम्ही दोन्ही दिवस वरच्या कड्यावर दुर्बीण घेऊन बसलो आणि आम्हाला माशाचा एकही पर पाण्यावर दिसला नाही. तरी ते बसणे वाया गेले, असे मला एकदाही वाटले नाही. ज्यांनी तरुणपणी भाला हाती धरला, त्या माणसांना मी दोष देत नाही. त्या बेटावरून पिढ्यान्‌पिढ्या लोक पोटासाठी स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला जात होते. घरी राहून चार पैसे मिळण्याची ही एक संधी त्यांना मिळाली होती. पण तेथल्या शांततेला एक वय आहे, आणि ते फार नाही, हे ठाऊक असलेले बरे.

बी-६०१ :
वरच्या कड्यावर म्हणजे नेमके कोठे? बी-३०२ मधील काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन दीड वर्षच झाले आहे, म्हणून डॉक्टर या नात्याने विचारते.

ए-५०४ :
वाळूच्या नैर्ऋत्येला मॉयटोग नावाचे टोक आहे, त्यावर महायुद्धाच्या काळातील टेहळणीची चौकी आहे. गवताची सरळ चढण आहे, पायऱ्या नाहीत, आणि ओल असेल तर पाय घसरतो. मला सावकाश पाऊण तास लागला. वर पोहोचलात की मागची बाजू एकदम तुटलेली दिसते. तेथे कठडा नाही, दोरी नाही, धोक्याची पाटी असेलच असा भरवसा नाही. क्रोहॉनची उंची ६८८ मीटर आहे आणि त्याची उत्तर बाजू समुद्रात कोसळते. युरोपातल्या सर्वांत उंच समुद्रकड्यांत तिची गणना होते. वारा असेल तर वर जाऊच नये. काकांनी खाली वाळूवर बसावे, तेथूनही आखात पुरेपूर दिसते.

बी-६०१ :
मग काकांनी खालीच बसावे, हे माझे मत नोंदवून ठेवा. आणि काठी न्यावी.

बी-३०२ :
नोंदवले. मुलाला मी ही सगळी चर्चा वाचून दाखवली. तो आता विचारतो की, दोन रात्री राहून दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तर करायचे काय?

ए-५०४ :
पावसातच स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याचे ओसाड गाव पाहावे. ऐंशी-शंभर दगडी घरांच्या भिंती एका ओळीत उभ्या आहेत, छप्पर एकाही घरावर नाही. ओल्या दगडांचा काळा रंग आणि डोंगरावरून उतरणारे ढग, यांमुळे ते उन्हापेक्षा पावसात अधिक खरे वाटते. डूआ गावाच्या किनाऱ्यावरही थांबा. तेथली वाळू १९८४ च्या वादळांत वाहून गेली होती आणि ३३ वर्षे नुसते खडक होते. २०१७ मध्ये एका भरतीनंतर वाळू परत आली आणि नंतर पुन्हा गेलीसुद्धा. आपण जाल तेव्हा ती असेल की नसेल, हे मला फोनवर नक्की कळवा. शिवाय मे महिन्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. सकाळ पावसात गेली तरी संध्याकाळ हाताशी राहते. आम्हाला कीमचा तो रंग संध्याकाळी सातनंतरच दिसला, तोवर दिवसाच्या सहलीच्या गाड्या निघून गेल्या होत्या.

दोन सूचना राहिल्या. आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. आपण तो घेतलाच असेल. आणि बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे नातवासाठी तूप आणि पेढे बांधू नका. भाजणी, मेतकूट चालेल.

बी-३०२ :
ताई, मनापासून आभार. मुलाने डब्लिनजवळचा एक किल्ला वगळला आणि कीलमध्ये दोन रात्रींची खोली ठरवली. सौभाग्यवतींनी मागची उजवी सीट आजच आपल्या नावावर केली आहे. आपली ती दुर्बीण महिनाभरासाठी मिळू शकेल का?

ए-५०४ :
अवश्य. उद्या सकाळी दहाच्या आत गेटवरच्या केबिनमध्ये ठेवते. तिच्या पट्ट्याची कडी सैल झाली आहे, तेवढी निघण्याआधी घट्ट करून घ्या. कड्यावर वारा फार असतो.