मदत हवी आहे: रायफलवरच्या स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) रिंगांचे लिव्हर नेमके कुठल्या बाजूला आणि कुणीकडे तोंड करून ठेवायचे?

सड्यावरचा (देवगड)
नमस्कार मंडळी. कालपासून डोकं फिरलंय. हाताने काढता-घालता येणाऱ्या लिव्हरच्या रिंगा (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्या) आणल्या आणि स्कोप बसवला. घट्ट केल्यावर पुढचा लिव्हर खाली लोंबतो आणि मागचा काटकोनात सरळ बाहेर येतो. बोल्ट (गोळी भरायची मूठ) उचलला की बोटाचं पेर त्यावर आपटतं, साल निघालीय. दोन्ही एका रेषेत यावेत म्हणून मागचा आणखी रेटून बघितला, तर तसूभर हलत नाही. लिव्हर कुठे असायला हवेत? रविवारी रेंजवर जायचंय, त्याआधी सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, इथे नेट धड चालत नाही.

खाडीकाठ
रायफल कुठली? पॉइंट टू टू (.२२ बोअर), तीनशे पंधरा (.३१५ बोअर) की एअर रायफल? रिंगा पिकॅटिनीच्या, म्हणजे आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणाऱ्या, की डव्हटेलच्या, म्हणजे तिरक्या कडांच्या साध्या पट्टीवर बसणाऱ्या? लिव्हर सध्या उजवीकडे आहेत की डावीकडे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

रानवाट
एअर रायफल असेल तर या रिंगांच्या नादाला लागू नका. मी दोन वर्षं हेच भोगलंय. स्प्रिंगवाली एअर रायफल आधी मागे धक्का देते आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की पुढे. या दुहेरी हिसक्याने माझा स्कोप रोज थोडा थोडा मागे सरकायचा. शेवटी स्टॉप पिन (सरकू न देणारी खीळ) असलेला एकसंध माउंट (दोन्ही रिंगांची एकच बैठक) घेतला, तेव्हा कुठे थांबला.

सड्यावरचा
एअर रायफल नाही हो. साधी टू टू, बोल्ट अॅक्शन, वडिलांच्या वेळची. वर ११ मिलिमीटरची डव्हटेल आहे. लिव्हर उजवीकडे आलेत, पाकिटातून निघाल्या तशा बसवल्या. फक्त कुठे फिरवायचे ते सांगा.

मालवणी_तात्या
अरे बाबा, बोल्टाच्या बाजूक लिव्हर कित्याक लावलंस? उजवीकडे बोल्ट, उजवीकडेच उडालेल्या गोळयेची रिकामी पुंगळी भायर पडता, आणि थंयच तुझो लिव्हर. बोट सोलतलाच मां! स्कोप उतरव आणि रिंगा उलट्या फिरव. लिव्हर डावीकडे.

नेमबाज_कोल्हापूर
तात्यांशी सहमत. फक्त दोन्ही रिंगा फिरवा. एकच फिरवली आणि दुसरी तशीच ठेवली तर दोन रिंगांची मध्यरेषा जुळेलच असं नाही, आणि स्कोपच्या नळीला पीळ बसतो. रिंगांच्या टोप्यांचे (वरच्या अर्ध्या भागांचे) स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळा. आपल्याकडे जोर लावून आवळायची सवय फार. त्या बारीक स्क्रूंना १५ ते २० इंच-पाउंड पुरतात.

आंब्याची_वाडी
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या बागेत माकडांनी कहर केलाय, शहाळी पोखरून खाली टाकतात. टू टू ला स्कोप लावून नुसती हुसकवता येतील का?

खाडीकाठ
हुसकवायला गोळी वापरायची नसते, दादा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. वनखात्याकडे अर्ज करा. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे माणूस अडकलाय.

सड्यावरचा
मी फक्त कागदाच्या लक्ष्यावर मारतो. एक सांगायचं राहिलं, मी डावखुरा आहे. म्हणजे डाव्या खांद्यावरून मारतो. मग लिव्हर उजवीकडेच बरोबर नाहीत का?

रानवाट
हे आधी सांगायचं ना! डावखुऱ्याचं सगळं उलट. उजवीकडेच ठेवा.

नेमबाज_कोल्हापूर
नाही, हे चुकतंय. खांदा कुठला यावर लिव्हर ठरत नाही, बोल्ट आणि पुंगळी कुठल्या बाजूला यावर ठरतो. तुमची रायफल उजव्या बोल्टचीच आहे ना? मग हात वरून घालून बोल्ट उचला की खालून घालून उचला, मूठ उजव्या बाजूलाच वर येणार. लिव्हर डावीकडेच. खास डाव्या बोल्टची रायफल असती तर गोष्ट वेगळी.

परवाना_मित्र
एक महत्त्वाची माहिती. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. वडिलांच्या वेळची रायफल आहे म्हणता, तर स्वतःच्या नावावर करून घेतलीत ना?

सड्यावरचा
हो, सगळं रीतसर आहे. आचारसंहिता लागली की रायफल ठाण्यात जमा करायची आणि स्कोप घरी ठेवायचा, म्हणून तर या रिंगा घेतल्या. आता बाजू कळली. पण तोंड कुणीकडे? डावीकडे नेल्यावरही एक लोंबणार आणि एक आडवा राहणारच की.

मालवणी_तात्या
तोंड दस्त्याकडे. करवंदीच्या जाळीतून चालताना काटो पुढून येता. लिव्हराचा टोक मागे असला तर फांदी घसरान जाता, पुढे असला तर अडकान लिव्हर सुटता.

रानवाट
उलट, बंदुकीच्या नळीकडे. मी रायफल खोळीतून दस्ता धरून ओढतो. टोक मागे असेल तर खोळीच्या शिवणीत अडकतं. शिवाय टोक मागे असेल तर धक्क्याने लिव्हर उघडण्याची भीती.

नेमबाज_कोल्हापूर
धक्क्याचं कारण सोडा, टू टू ला धक्का तो केवढा. अडकण्याचं कारण मात्र दोघांचंही खरं आहे. रायफल कशी नेता त्यावर ते ठरवायचं. पूर्ण चेन उघडणारी बॅग असेल तर मागे, तोंडाशी उघडणारी खोळ असेल तर पुढे. लिव्हर नळीला समांतर आणि अंगालगत बसला पाहिजे, एवढं मात्र पक्कं.

लेथवाला (रत्नागिरी)
सगळे दिशा सांगताय, पण त्याचा लिव्हर फिरतच नाहीये, ते कोण बघणार? सड्यावरचे भाऊ, लिव्हर सोडताना कट्कन उलटतो की नटासारखा दोन-तीन फेरे फिरवावा लागतो?

सड्यावरचा
फिरवावा लागतो. दोन फेरे तरी.

लेथवाला (रत्नागिरी)
मग ही स्क्रूवाली जात. कट्कन उलटणारा असता तर समोरच्या बाजूच्या नटाने ताण ठरवावा लागला असता. तुमच्या लिव्हरच्या आत दाते असतात. आमच्या ड्रिल मशीनच्या टेबलाला अगदी अशीच मूठ आहे. घट्ट झाल्यावर लिव्हर चिमटीत धरून सरळ बाहेर ओढा. आतली स्प्रिंग दबते, दाते सुटतात, आणि लिव्हर रिकामा फिरतो, स्क्रू जागचा हलत नाही. हव्या दिशेला आणा आणि सोडा. काहींच्या मधोमध बारीक स्क्रू असतो, तो आधी सैल करावा लागतो. ताण आधी, दिशा नंतर. तुम्ही दिशेसाठी ताण वाढवत होता, त्याने डव्हटेलच्या कडा चेपतात. कडा तपासा.

सड्यावरचा
ओढला! टक् आवाज झाला आणि फिरला. दोन दिवस मी यालाच रेटत होतो. उजव्या कडेवर नखाला लागेल एवढा व्रण पडलाय, मागच्या रिंगेच्या जागी.

लेथवाला (रत्नागिरी)
रिंग व्रणाच्या पुढे किंवा मागे सरकवून बसवा. व्रणावरच बसली तर दर वेळी वेगळी टेकेल.

खाडीकाठ
बसवताना स्कोप नळीकडे रेटून मग आवळा. रायफल मागे उसळते, स्कोप जागी राहू पाहतो, म्हणून रिंगेखालची आडवी पट्टी खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली हवी.

नेमबाज_कोल्हापूर
ते पिकॅटिनीला, तिथे दर १०.०१ मिलिमीटरवर आडवी खाच असते. यांची साधी डव्हटेल आहे, टेकायला भिंतच नाही. इथे रिंगेच्या कडेला डव्हटेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारा आणि दर वेळी रेघेला रेघ जुळवा. पुढचा लिव्हर आधी, मागचा नंतर, हा क्रमही बदलू नका.

मालवणी_तात्या
आणि पावसाळ्यात लिव्हर महिन्यातून एकदा ओढून आत तेलाचो एक थेंब. खाऱ्या हवेन माझी स्प्रिंग श्रावणात धरली ती दसऱ्याक सुटली. डव्हटेलीक मात्र तेल ठेव नको, कोरडी पूस. थंय तेल रवला तर रिंग घसरता.

चिपळूणकर
वाचून आनंद झाला. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेही स्कोपशिवाय, नुसत्या पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरून). आमच्या पोरांनाही कोणी शिकवणारा हवा.

सड्यावरचा
रविवारची बातमी. लिव्हर डावीकडे, टोकं दस्त्याकडे, माझी बॅग पूर्ण उघडते. ५० मीटरवर पाच मारल्या, स्कोप उतरवला, रेघेवर परत बसवला, पुन्हा पाच मारल्या. पहिल्या पाच पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या. नंतरच्या पाच उजवीकडे जेमतेम चार-पाच मिलिमीटर. लेथवाले दादा आणि तात्या, मनापासून आभार. बोल्ट आता मोकळा उचलतो.

नेमबाज_कोल्हापूर
छान. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोप असेल तर ५० मीटरवर एक क्लिक, म्हणजे नेम सरकवायच्या बटणाचा एक टप्पा, म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर. म्हणजे तुमचा फरक क्लिक-दीड क्लिकचा. आताच क्लिक फिरवू नका, आणखी दोनदा काढून-घालून बघा, दर वेळी उजवीकडेच जातंय का ते. आणि टोप्यांचे स्क्रू एकदा तपासा, पहिल्या शंभर गोळ्यांत थोडे सैल होतात.