गोळी बंद करण्याआधी क्रिएटिनिन बघा
बाबांची पाठ दुखते, म्हणजे गोळीने किडनी बिघडली असं समजून तुम्ही त्यांची बीपीची टेल्मिसार्टन परस्पर बंद करायला निघालात, तसं कृपया करू नका. पाठदुखी या गोळीच्या दुष्परिणामांत येते हे खरं, पण तेवढ्यावरून किडनी बिघडली असं म्हणता येत नाही. किडनीचा आजार बहुतेकदा दुखतच नाही. बरगड्यांखाली एका बाजूला कळ, सोबत ताप, लघवीला जळजळ किंवा रक्त असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मला खरी धास्ती वाटते ती तुम्ही ओझरता उल्लेख केलेल्या डायक्लोफेनॅक या पेनकिलरची. मेडिकलमधून आणून रोज दोन वेळा! बीपीची ही गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर असलं पेनकिलर, तिन्ही एकत्र आली की किडनीला खरा धोका. बाबांच्या स्ट्रिपवर नावापुढे 'एच' असेल, तर लघवीची गोळी त्यातच आहे. पेनकिलर थांबवून डॉक्टरांना दुसरं विचारा.

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. घरात 'लो सोडियम' मीठ असेल तर तेही सांगा, त्यात बहुधा पोटॅशियम असतं.