आईच्या हृदयाच्या गोळ्या: जुना डबा, नवी फाईल आणि दोन डॉक्टर

वारणाकाठ

आई ७६ वर्षांची, बाबांबरोबर कराडला असते. मी पुण्यात. गेल्या महिन्यात तिला हार्ट अटॅक आला, एक स्टेंट घातला, हृदयाचं पंपिंग (रक्त ढकलण्याची ताकद) ३० टक्के सांगितलं आहे. मधुमेह आहे, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५.

डिस्चार्ज कार्डावर: सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन ५० (१-०-१), मेटोप्रोलॉल एक्सएल २५ (१-०-०), डायटॉर प्लस (१-०-०), डापाग्लिफ्लोझिन १० (१-०-०), इकोस्प्रिन ७५ (०-१-०), क्लोपिडोग्रेल ७५ (०-१-०), अटोरव्हास्टॅटिन ४० (०-०-१), मेटफॉर्मिन ५०० (१-०-१).

जुन्या डब्यात फॅमिली डॉक्टरांच्या टेल्मा-एच, इकोस्प्रिन-एव्ही ७५ आणि पायाच्या सुजेसाठी लॅसिलॅक्टोन आहेत. कार्डावर जुन्या बंद करा असं कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून बाबा दोन्ही देतात. कालपासून ती उठली की भोवळ येते. बीपी ९४/६०. कोणत्या डॉक्टरांना काय विचारायचं? मोठ्या डॉक्टरांना फोन लागला तरी दोन मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही.

---

औषधपेढी

पुढचा डोस देण्याआधी फोन करा, उद्यावर ढकलू नका. कंपनीचं नाव सोडा आणि पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेले घटक वाचा. तुमच्या दोन्ही याद्या घटकांनुसार शेजारी मांडल्या की गोंधळ दिसतो:

टेल्मा-एच म्हणजे टेल्मिसार्टन अधिक लघवीची गोळी हायड्रोक्लोरोथायाझाइड. नव्या गोळीत व्हाल्सार्टन आहेच. म्हणजे 'सार्टन' गटातली दोन औषधं एकाच वेळी पोटात जातात. बीपी उतरतं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम चढतं.

लॅसिलॅक्टोनमध्ये फ्रुसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन. डायटॉर प्लसमध्ये टॉरसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन. स्पायरोनोलॅक्टोन दुप्पट झालं, आणि टेल्मा-एचमधली धरून लघवी वाढवणारी तीन औषधं वर त्याच्या जोडीला. भोवळ येण्याला एवढं पुरेसं आहे.

इकोस्प्रिन-एव्हीमध्ये ॲस्पिरिन आणि अटोरव्हास्टॅटिन असतं, आणि ही दोन्ही नव्या यादीत वेगळी लिहिलेली आहेत. क्लोपिडोग्रेलच्या जोडीला ॲस्पिरिन दुप्पट झालं की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी होते का, हे आईंना आजच विचारा.

पण स्वतःच्या मनाने सरसकट काही थांबवू नका. विशेषतः स्टेंट इतका नवा असताना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एक दिवसही चुकवायचं नाही. दात काढायचा म्हणून दुसऱ्या कुणी थांबवायला सांगितलं, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. मेटोप्रोलॉलही एकदम बंद करत नाहीत. एक्सएल, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, मधल्या रेघेवर अर्धी करता येते. तिची आणि इकोस्प्रिनची पूड मात्र करायची नाही.

मेडिकलमधून आपण होऊन आणलेल्या गोष्टीही यादीत लिहा. गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, अंगात पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतलं तर क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पँटोप्राझोल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. इनो आणि पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामॉलमध्ये सोडियम बरंच असतं.

---

वॉर्डसिस्टर

दादा, डॉक्टरांकडे दोनच मिनिटं असतात हे धरूनच चाला. आकडे तयार असले तर तेवढ्यात काम होतं. "आईला बरं वाटत नाही" एवढ्यावर कुणीच डोस बदलू शकत नाही.

वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय असं समजून फोन करायचा, धाप लागण्याची वाट बघायची नाही.

बीपी घेताना आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, बाबांनी शेजारी धरून उभं राहायचं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर भोवळ उठण्यामुळे आहे हे डॉक्टरांना लगेच कळतं. नाडी त्याच यंत्रावर दिसते, तीही लिहा.

मेसेज असा टाइप करा. लांबलचक व्हॉइस मेसेज ओपीडीच्या गर्दीत कुणी ऐकत नाही:

"रुग्णाचं नाव, वय ७६. स्टेंटची तारीख. पंपिंग ३०, क्रिएटिनिन १.५. आज: वजन किती, काल किती. बीपी बसून किती, उभं राहून किती. नाडी किती. तक्रार: कालपासून उठताना भोवळ. नव्या गोळ्यांबरोबर चुकून टेल्मा-एच, लॅसिलॅक्टोन आणि इकोस्प्रिन-एव्ही चालू होत्या, फोटो जोडला आहे. प्रश्न: या तिन्ही बंद करायच्या का? आज रात्रीचा डोस द्यायचा का?"

शेवटी प्रश्न हवाच, नाहीतर उत्तर "दाखवायला आणा" एवढंच येतं. मात्र ती कोसळली, बोलणं असंबद्ध झालं, छातीत दुखलं किंवा वरचं बीपी ९० च्या खाली जाऊन ग्लानी आली, तर मेसेज टाकत बसू नका, १०८ ला फोन करा.

जुन्या गोळ्या घरात दुसऱ्या डब्यातही ठेवू नका. बंद झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच यादीच्या तळाशी "बंद: टेल्मा-एच, तारीख, कुणी सांगितलं" असं लिहा. पुढच्या खेपेला फॅमिली डॉक्टर तीच गोळी नव्याने लिहिणार नाहीत ते या ओळीमुळे. आणि डोस कोण बदलणार ते एकदा दोघांना सरळ विचारून ठरवा. सहसा हृदयाच्या गोळ्या हृदयाचे डॉक्टर बदलतात आणि फॅमिली डॉक्टर त्यांना कळवतात.

---

वारणाकाठ

फोन झाला. तिन्ही जुन्या बंद केल्या, आज डायटॉर प्लसही द्यायची नाही, उद्या सकाळी रक्त तपासायला सांगितलं. उभं राहून बीपी ७८/५० निघालं होतं, ते सांगितल्यावर त्यांनी लगेच लक्ष दिलं. यादी बनवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. अजून एक: आई संकष्टी सोडत नाही. उपवास चालेल का?

---

फिजिशियन_सातारा

उद्याच्या तपासणीत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तिन्ही करा. पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर रिपोर्ट संध्याकाळपर्यंत ठेवू नका, लगेच कळवा. हीच तपासणी या गोळ्यांचा डोस बदलला की एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लागते. पुढे कधी बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं झालं, तर सॅक्युबिट्रिल चालू असताना एनटी-प्रोबीएनपी मागा. साधं बीएनपी त्या गोळीनेच वाढलेलं दिसतं.

उपवासाबद्दल आत्ताच विचारलंत ते बरं झालं. उपवासाला चालणारे पदार्थच इथे अडचणीचे आहेत. शहाळं, केळं, रताळं, बटाटा सगळ्यांत पोटॅशियम भरपूर, आणि त्यांना पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू आहे. सैंधव मीठ वेगळं वाटतं, पण तेही सोडियमच. "लो सोडियम" मीठ तर अजिबात आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

दुसरी गोष्ट डापाग्लिफ्लोझिनची. ती चालू असताना दिवसभर पोटात काही गेलं नाही, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास ही त्याची लक्षणं, आणि घरचे त्याला पित्त समजतात. कडक उपवास नकोच. फळ-दूध घेऊन, वेळेवर थोडं खाऊन करायचा असेल, तर त्या दिवशी ही गोळी आणि मेटफॉर्मिन द्यायची का, हे चतुर्थीच्या आधीच विचारून ठेवा.

जुलाब-उलट्या झाल्या किंवा जेवण तुटलं तरी असंच. लघवीची गोळी, सार्टनची गोळी, डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन थांबवायची का, हे त्याच दिवशी विचारायचं. खाणं-पिणं नीट सुरू झाल्यावर कधीपासून परत द्यायची, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायची राहून जाते आणि दोन आठवड्यांनी रुग्ण धाप लागून भरती होतो.

टॉरसेमाइडची गोळी परत सुरू झाली की सकाळीच द्या. संध्याकाळी दिली तर रात्री लघवीला चार वेळा उठणं होतं, आणि आईंना सध्या उठल्यावरच भोवळ येते आहे.